किलो वाढले, माणसं नाहीत

कापूस वेचणीच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर अर्धा तास बसा, एक वाक्य कानावर पडतंच : रेशन फुकट झालं आणि माणूस कामाला यायचा बंद झाला. म्हणणारा वाईट माणूस नसतो. त्याचा कापूस बोंडातून लोंबत असतो, आभाळ भरून आलेलं असतं आणि वेचणाऱ्या बायकांनी किलोमागे दोन रुपये जास्त मागितलेले असतात. अशा वेळी राग कुणावर तरी निघायचाच. तो रेशनच्या पोत्यावर निघतो.

हे वाक्य आता पारावरच राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याबद्दलची सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई यांनी याच अर्थाचं मत मांडलं : फुकट धान्य आणि पैसे मिळत असल्याने लोक काम करायला तयार नाहीत, आणि निवडणुकीआधीच्या घोषणांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळेनासे झाले. ते अमरावतीचे, शेतकरी कुटुंबातले. स्वतःचा अनुभव म्हणून त्यांनी हे सांगितलं. त्याच महिन्यात लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनीही सरकारी योजनांमुळे मजूर घर सोडायला तयार होत नाहीत, अशी तक्रार केली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका खंडपीठाने ८१ कोटी लोकांना फुकट धान्य मिळतं हे ऐकून आश्चर्य व्यक्त केलं होतं. पार, कंपनी आणि कोर्ट या तिघांचं एकमत झालं की समाज ते मत तपासायचं सोडून देतो. म्हणून ते तपासायचं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. समोरच्याचं म्हणणं कमकुवत करून खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. तो असा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २६ मार्चला केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली : अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्रत्येक माणसाला नेहमीच्या पाच किलोंशिवाय आणखी पाच किलो फुकट, तेही तीन महिने. तीन महिन्यांचे आठ झाले, मध्ये खंड पडला, दुसऱ्या लाटेत योजना पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. खर्च झाला सुमारे ३ लाख ९१ हजार कोटी. मग जानेवारी २०२३ पासून मूळचं धान्यच फुकट केलं, आणि पुढे २०२८ अखेरपर्यंत तसंच ठेवायचं ठरलं. संकट गेलं, मदत राहिली. एकदा दिलेलं काढून घेता येत नाही, निवडणूक ते काढू देत नाही, लोकांना सवय लागते, गळती होते आणि कर भरणारा भरतच राहतो. यातली निवडणुकीबद्दलची तक्रार मला बरीचशी पटते. दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, डाळ, तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ कुठल्या संकटावरचा उपाय होता, हे मला अजून कळलेलं नाही. पण संकटात अन्नाची मदत वाढवली म्हणून माणूस आळशी झाला, हा या युक्तिवादाचा पाया आहे, आणि तो पायाच कच्चा आहे.

काट्यापासून सुरुवात करू. अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘प्राधान्य’ कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो. तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ धरले, तर दिवसाला शंभर ग्रॅम गहू, म्हणजे तीन लहान पोळ्या, आणि मूठभर तांदूळ. त्यातून पावणेसहाशे कॅलरीच्या आसपास मिळतात. आपल्याकडे ग्रामीण दारिद्र्यरेषा आखताना माणशी २४०० कॅलरी धरल्या जात. म्हणजे फुकट धान्याने दिवसाच्या गरजेचा पाव हिस्साही भरत नाही. पाच जणांच्या घरात पंचवीस किलो येतात. बाजारभावाने त्याची किंमत सातशे-आठशे रुपये. गॅसच्या एका सिलिंडरला साधारण तेवढेच जातात. खुरपणीला जाणाऱ्या बाईची ही तीन दिवसांची मजुरी. तेल, डाळ, मीठ-मिरची, पोराची वही, म्हाताऱ्याचं औषध, मोबाइलचं रिचार्ज यांतलं काहीही त्या पोत्यातून निघत नाही. तीन दिवसांच्या मजुरीवर महिनाभर बसून खाणारं कुटुंब कुणी पाहिलं असेल तर त्याने त्या कुटुंबाकडून संसाराची शिकवणी घ्यावी.

एकदा मी एका रास्त भाव दुकानात सकाळभर बसलो होतो. दुकानदाराने परवानगी दिली, बसायला पालथा डबा दिला. साडेनऊला एक बाई आली. दोन पिशव्या, एक गव्हाची, एक तांदळाची. ई-पॉस मशीनवर तिने अंगठा ठेवला, मशीनने नाकारला. पदराने पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नकार. दुकानदार म्हणाला, “मावशी, दुसरं बोट लावा.” मधलं बोट, करंगळीशेजारचं, डाव्या हाताची सगळी झाली. शेवटी थोडं खोबरेल लावून उजव्या तर्जनीवर मशीन राजी झालं आणि चिठ्ठी बाहेर आली. खुरपं धरून, बोंडं खुडून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. “लवकर करा, अकराला वावरात पोचायचंय,” एवढंच ती म्हणाली. आळसाचा आरोप आहे तो या बोटांवर.

एका बाईवरून देश ठरत नाही, हे खरं. मग देशाचे आकडे घेऊ. २०२०-२१ या वर्षात आठ महिने लोकांना दुप्पट धान्य मिळत होतं. फुकट अन्नाने माणूस काम टाळतो हे खरं असतं, तर त्या वर्षी सरकारी मातीकामावर शुकशुकाट दिसायला हवा होता. प्रत्यक्षात काय झालं? रोजगार हमीवर देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. त्याआधीच्या वर्षी ते २६५ कोटी होतं. अकरा कोटींहून अधिक माणसं उन्हात टिकाव-फावडं घेऊन उतरली, आणि महाराष्ट्रात त्या कामाचा दर होता दिवसाला २३८ रुपये. घरात माणशी दहा किलो धान्य येत असताना माणसं २३८ रुपयांसाठी नालाबांधावर गेली. अभ्यासकाने मुद्दाम रचला असता तर यापेक्षा चांगला प्रयोग त्याला रचता आला नसता.

पुढच्या वर्षांचंही तेच. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये ४९.८ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ६०.१ टक्क्यांवर गेलं. ग्रामीण बायकांमध्ये २४.६ वरून ४७.६. ही वाढ सगळी आनंदाची आहे, असं मी म्हणणार नाही. त्यातली बरीचशी घरच्या शेतात, घरच्या टपरीवर, बिनपगारी राबणाऱ्या बायकांची आहे, आणि ती सुबत्तेपेक्षा ओढाताणच दाखवते. पण ओढाताण म्हणा, सुबत्ता म्हणा. आळस तर त्यात कुठे दिसत नाही. परदेशातही हेच शोधून झालं आहे. अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे प्रयोग एकत्र तपासले. मदत घेणारे काम कमी करतात, याचा पद्धतशीर पुरावा त्यांना मिळाला नाही. ती मदत तर रोख होती. पोत्यातल्या गव्हाने माणूस बिघडतो, हे सिद्ध करणं आणखी कठीण.

तरीही पारावरचा शेतकरी खोटं बोलत नाही. मजूर मिळत नाही, हा त्याचा अनुभव खरा आहे. चुकतं ते कारण. घरात महिन्याचे दाणे असले की मजुरीला जाणारी बाई एक गोष्ट करू शकते, जी पूर्वी करू शकत नव्हती : पडेल त्या भावाला ‘नाही’ म्हणू शकते. चूल पेटण्यासाठी आजच, याच वावरात, याच दराने गेलं पाहिजे, ही सक्ती थोडी सैल होते. ती कामाला जाते, पण दोन रुपये जास्त देणाऱ्याकडे जाते, किंवा उक्तं घेते, किंवा तालुक्याच्या ठिकाणी बांधकामावर जाते. पूर्वी उचल देऊन माणूस बांधून ठेवता येत असे; ते आता तितकं सोपं राहिलेलं नाही. याला आळस म्हणायचं की बाजारभाव? कांद्याचा भाव पडला म्हणून शेतकऱ्याने माल बाजार समितीत न नेता चाळीत ठेवला, तर त्याला आपण आळशी म्हणत नाही.

शेतकऱ्याला वाढीव मजुरी परवडत नाही, हेही तितकंच खरं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हाती त्याहून कितीतरी कमी पडत होते. माल कमी भावाने जातो आणि मजुरी वाढते, या चिमट्यात तो सापडला आहे. पण तो चिमटा हमीभावाच्या खरेदीने, आयात धोरणाने सुटायचा. मजुरीच्या बाईच्या डब्यातला गहू काढून घेतल्याने नाही. भांडण दिल्लीशी आहे, ते वस्तीशी काढलं जातं.

मदतीने माणूस बिघडतो ही कल्पना आपण नवीन शोधल्यासारखी बोलतो. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा एक मोठा प्रयोग याच दख्खनमध्ये झाला. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला. भुकेने माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. बक्षीस म्हणून टेंपलसाहेबांना उधळपट्टीबद्दल विलायतेपर्यंत बोलणी खावी लागली. इतक्या कमी लोकांसाठी इतका पैसा, असा हिशेब मांडला गेला. माणसं मेली नाहीत म्हणून खर्च वाया गेला, हे तर्कशास्त्र तेव्हाही चालत होतं. १८७६-७७ मध्ये दख्खन आणि मद्रासेत दुष्काळ आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने याच टेंपलना पाठवलं, आणि या वेळी त्यांनी जुना डाग धुऊन काढायचं ठरवलं. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे. जास्त दिलं तर लोक सरकारी कामाला चटावतील, हा मुद्दा. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी सांगून पाहिलं, की राबणारा माणूस एवढ्यावर जगत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानड्यांची ती सभा. त्या दुष्काळात देशात मेलेल्यांचा नेहमी दिला जाणारा अंदाज पन्नास लाखांवर जातो. रत्तलभर धान्यावर लोकांचं नैतिक धैर्य टिकलं असेल कदाचित. माणसं टिकली नाहीत.

त्या हाहाकारातून १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि त्यातून दुष्काळ संहिता. परक्या, कंजूष सरकारने केलेली ती संहिता. पण तिच्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. जे राबू शकत नाहीत, म्हणजे म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या, त्यांना फुकट मदत द्यायची, हे तिने मान्य केलं. आणि संकट ओळखायच्या खुणा तिने लिहून ठेवल्या : धान्याचे भाव चढले, माणसं गाव सोडून भटकू लागली, की अधिकाऱ्याने चाचणीची कामं उघडायची. कामावर गर्दी झाली की दुष्काळ खरा. जो येईल तो घ्यायचा. आधी यादीत नाव आहे का, हा प्रश्न नव्हता. ही दुसरी गोष्ट लक्षात राहू द्या. तिच्याकडे परत यायचं आहे.

इथे एक जाणकार आक्षेप येतो. मग कामच द्या ना, फुकट कशाला? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने तेच केलं. आणि खरोखरच अभिमानाने सांगावं असं ते काम आहे. मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडायला होती. वि. स. पागे यांची रोजगार हमी त्यातूनच रुजली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. (तुमच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी बसवला होता. करदात्याच्या पैशाने गरिबाला पोसायची तक्रार करताना एवढं आठवलं तरी पुरे.) ज्यांचं बालपण त्या दुष्काळात गेलं, त्यांना विचारा : आई-बाप खडी फोडत होते आणि पोरांच्या हातावर सुकडी पडत होती. त्यांच्या तोंडात ती चव अजून आहे. म्हणजे कामाच्या त्या आदर्श वर्षातही फुकट अन्न होतंच. आणि २०२० चं संकट वेगळ्या जातीचं होतं. दुष्काळात पाणी नसतं, पण खणता येतं. टाळेबंदीत सरकारने कामच बंद केलं होतं, तेही चार तासांची सूचना देऊन. घराबाहेर पडलेल्याला पोलिसाची काठी आणि घरात बसलेल्याला ‘कामाला जा’ हा उपदेश, दोन्ही एकदम कसं चालेल?

पैशाचा मुद्दा उरतो. २०२०-२१ चं अन्न अनुदान ५ लाख ४१ हजार कोटींवर गेलं, आधीच्या वर्षी ते १ लाख ९ हजार कोटी होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘फुकट धान्याने खजिना रिकामा केला’ असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. पण आधीच्या वर्षांत सरकार अन्न महामंडळाला अनुदान पूर्ण देत नव्हतं. अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावून तूट ताळेबंदाबाहेर ठेवत होतं. २०२०-२१ मध्ये ते कर्ज फेडून टाकलं. म्हणजे त्या मोठ्या आकड्यात जुनी उधारी भरपूर आहे. आणि धान्य तरी कुठून आणायचं होतं? १ एप्रिल २०२० ला महामंडळाकडे गहू-तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून जास्त साठा होता, भरडायचा धान वेगळाच. त्या तारखेला असायला हवा तो साठा २ कोटी १० लाख टन. विकत घेऊन झालेलं, गोदामात मावत नसलेलं, ठेवायलाही पैसे लागणारं ते धान्य होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर कमी केला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. त्यामुळे कंपन्या आळशी झाल्या का, असं कुणी विचारलं नाही. विचारायला हरकत नव्हती.

गळतीबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने जवळपास ४७ टक्के गळतीचा हवाला देऊन अन्नसुरक्षेची व्याप्ती ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. समितीने वापरलेला आकडा २०११-१२ चा, म्हणजे कायदा येण्याआधीचा. २०२२-२३ च्या खर्च-सर्वेक्षणावरून इक्रिअर या संस्थेने गळती २८ टक्के काढली. ही संस्था काही फुकट धान्याची भाट नाही. २८ टक्के म्हणजे अजूनही लाजिरवाणंच आहे. पण व्याप्ती वाढल्यावर गळती वाढली नाही, कमी झाली. कारण गावात सगळ्यांचं नाव असलं की दुकानदाराला बोलायला सगळं गाव उभं राहतं. समितीचं ऐकून व्याप्ती ४० टक्क्यांवर आणली असती, तर एप्रिल २०२० मध्ये काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

रोख द्या म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा, अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या, अन्नसुरक्षेच्या यादीत नसलेल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने माणशी पाच किलो धान्य मिळत होतं. ते बंद झालं आणि जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात येऊ लागले. पुढे २०२४ मध्ये त्याचे एकशे सत्तर झाले. पाच किलो म्हणजे पाच किलोच असतात. गव्हाचा भाव चढला तरी पोत्याचं वजन घटत नाही. दीडशे रुपयांचं तसं नसतं. ते वाढवायला फाइल फिरावी लागते, आणि फाइल गव्हाइतक्या वेगाने चढत नाही. शिवाय टाळेबंदीत जनधन खात्यातले पाचशे रुपये काढायला बँकांसमोर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना संकटात धान्य बरं की पैसा, हे वेगळं सांगायला नको. (पारावरच्या त्या शेतकऱ्याच्या घरीही यातलं काही येत असेल, त्याला विचारायचा धीर मला झाला नाही.)

इथवर खंडन झालं. पण २०२० ची योजना उत्तम होती, असंही मला म्हणायचं नाही. माझी तक्रार बरोबर उलट्या बाजूने आहे.

त्या संकटात किलो वाढले, माणसं वाढली नाहीत. ज्याचं नाव यादीत होतं त्याला पाचाचे दहा झाले. ज्याचं नव्हतं त्याच्या शून्याची दुप्पट शून्यच. आणि संकटाने नेमकं यादीबाहेरच्यांना गाठलं होतं : पुण्या-मुंबईतला बांधकाम मजूर, ज्याचं कार्ड बिहारात किंवा बीडमध्ये; केशरी कार्डाचा रिक्षावाला; खानावळ बंद पडलेली बाई. मे महिन्यात केंद्राने कार्ड नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे आठ लाख टन जाहीर केले, तेव्हा ते स्थलांतरित रस्त्याने चालत अर्ध्या वाटेवर पोचले होते. ठरलेलं धान्य पुरतं वाटलंही गेलं नाही. महाराष्ट्राने तीन कोटींहून अधिक केशरी कार्डधारकांना मे-जूनसाठी गहू आठ रुपयांनी आणि तांदूळ बारा रुपयांनी दिला. चांगलं केलं, पण दोन महिन्यांपुरतं. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आणली, पुढच्या वर्षी काही काळ फुकट केली. त्या थाळीला कार्ड लागत नव्हतं, अंगठा लागत नव्हता. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद. खिडकीशी येईल तो जेवेल. त्या दुष्काळ संहितेतलं शहाणपण त्या खिडकीत थोडंसं शिल्लक होतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ते शिल्लक राहिलं नाही. खरं तर मसुद्यात ते होतं. २०११ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात आपत्तीत सापडलेल्या कुटुंबांना तीन महिन्यांपर्यंत दोन वेळचं फुकट जेवण देण्याची तरतूद होती. निराधार, बेघर आणि उपासमारीत असलेल्यांसाठीही वेगळी कलमं होती. कायदा होईपर्यंत ती गळून पडली. सात वर्षांत त्यांची गरज लागेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं. मग संकट आल्यावर सरकारच्या हाती एकच कळ उरली : आहे त्याच यादीला जास्त वजन.

अमेरिकेच्या अन्नकुपन योजनेत पुष्कळ दोष आहेत, पण तिची यादी उघडी असते. उत्पन्न घसरलं की माणूस पात्र होतो, सुधारलं की बाहेर पडतो. २००७ मध्ये तिथे २ कोटी ६३ लाख लोक ती मदत घेत होते. मंदीनंतर २०१३ मध्ये ४ कोटी ७६ लाख. २०१९ मध्ये पुन्हा ३ कोटी ५७ लाख. मदत संकटाबरोबर फुगली आणि बरीचशी ओसरली. एकदा दिलेलं कधीच कमी होत नाही, या सिद्धान्ताला हे आकडे उत्तर आहेत. आपलंही एक उत्तर आहे, फक्त ते कुणी मोजलं नाही. १ जानेवारी २०२३ ला ‘वर्षभर फुकट धान्य’ असे मथळे आले. त्याच दिवशी जादाचे पाच किलो बंद झाले. माणशी दहा-पंधरा रुपये वाचले आणि दीडशे रुपयांचं धान्य गेलं. निम्मी मदत काढून घेतली, आणि देशाने तिचं वर्णन खैरात असं केलं.

म्हणून मागणी सरळ आहे. गळालेली कलमं कायद्यात परत घाला. टाळेबंदी, दुष्काळ, कारखाने बंद पडणं यांच्या खुणा आधीच लिहून ठेवा, आणि त्या दिसल्या की मागेल त्याला, कार्ड असो-नसो, स्वतःच्या सहीच्या अर्जावर चार-सहा महिने धान्य, आणि त्याबरोबर डाळ-तेलही. मुदत अर्जावरच छापा. मुदत संपली की नाव आपोआप निघेल, म्हणजे निवडणुकीची धास्ती बाळगणाऱ्यांचीही सोय होईल. नेहमीच्या यादीतलं वजन संकटात वाढवायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

आणि नेहमीची यादी? महाराष्ट्रासाठी ती ७ कोटी १६ हजारांवर बांधलेली आहे. पुरवठा शाखेत या आकड्याला ‘इष्टांक’ म्हणतात. तो २०११ च्या जनगणनेवरून काढला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ मध्ये होणार आहे. तोवर नवं नाव चढवायचं तर यादीतलं कुणी तरी मरावं लागतं, लग्न होऊन जावं लागतं किंवा गाव सोडावं लागतं. तहसीलच्या खिडकीत विचारून पाहा. उत्तर तीन शब्दांत मिळतं : इष्टांक शिल्लक नाही.